संकेतार्थातील जग : विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि ‘कोणाचे?’ हा प्रश्न



या पुस्तिकेच्या आधीच्या घटकांत तुम्ही विज्ञानकथेची व्याख्या, तिची वैशिष्ट्ये आणि मराठीतील तिची वाटचाल अभ्यासली आहे. परीक्षेच्या दृष्टीने ते आवश्यकच आहे. प्रस्तुत लेख मात्र व्याख्या देण्यासाठी लिहिलेला नाही. तो एका मताच्या मांडणीसाठी लिहिला आहे आणि त्या मताशी तुम्ही सहमत व्हावे अशी अट नाही. ते मत माझ्या मनात कसे तयार झाले हे आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल, कारण त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून झाली.

भंडारा जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षे रविवारची संपर्कसत्रे घेत आले आहे. वर्गात अंगणवाडी सेविका असतात, कारखान्यातील पाळी संपवून आलेले तरुण असतात, आणि रोवणीच्या दिवसांत हमखास गैरहजर राहणारी बरीच मंडळी असतात. एका वर्षी स्वाध्यायात ‘एक छोटी विज्ञानकथा लिहा’ असा प्रश्न दिला होता. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवर झालेल्या धरणामुळे ज्यांची गावे बुडाली, अशा कुटुंबांपैकी एका कुटुंबातील विद्यार्थिनीने त्या प्रश्नाचे उत्तर लिहिले. तिच्या कथेत गाव पाण्याखाली गेलेले आहे, पण लोकांनी ते सोडलेले नाही. पाण्याखाली ग्रामसभा भरते, तान्हा पोळा भरतो, बांधीत पऱ्हे टाकले जातात. वर जलाशयात नावा फिरतात, पर्यटक हात पाण्यात घालून ‘किती शांत आहे इथे’ असे म्हणतात. खालचे लोक वर पाहून हाका मारतात. आवाज वर पोचत नाही. एवढीच कथा. मी तिला दहापैकी चार गुण दिले आणि समासात शेरा लिहिला : ‘शास्त्रीय आधार नाही. पाण्याखाली माणसे श्वास कशी घेतात?’

हा शेरा व्याख्येला धरून होता. मात्र ती व्याख्या कोठून आली, हे त्या वेळी मी स्वतःला विचारले नव्हते.

मराठीत विज्ञानकथा आली ती प्रथम भाषांतराच्या वाटेने. ‘केरळकोकीळ’ मासिकातून जूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा मराठी वाचकांपर्यंत पोचली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आरंभीच्या स्वतंत्र प्रयत्नांत मोजली जाते. पुढे भा. रा. भागवत, द. पां. खांबेटे, नारायण धारप अशी परंपरा आहे. ती तुम्ही वाचली आहे, तिची पुनरुक्ती करत नाही. निर्णायक वळण १९७४ चे. मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की हे टोपणनाव का घेतले ते कळते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली, आणि विज्ञानकथेला साहित्याच्या ओसरीवरून माजघरात जागा मिळाली.

या घटनेचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण पारितोषिक देणारी संस्था विज्ञानाची होती आणि लिहिणारा जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ होता. त्यामुळे विज्ञानकथेचे मोजमाप ठरले ते असे : विज्ञान बरोबर आहे का, आणि वाचकाची वैज्ञानिक दृष्टी वाढते का? आपल्या समाजात या मोजमापाची गरज होती, आजही आहे. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला शास्त्रज्ञ अण्वस्त्रांनी वळवतात आणि घरी मंडळी त्याच संकटावर यज्ञ करतात. तो धूमकेतू शोधणाऱ्या माणसाच्याच घरी यज्ञ होतो, हे त्या कथेचे खरे दुखणे आहे. अशी कथा शाळाशाळांतून वाचली जावी. माझी तक्रार इतकीच आहे की, या एका मापाने मोजता मोजता विज्ञानकथेत आणि अद्भुतकथेत तत्त्वज्ञान व राजकारण यांचा जो विचार चाललेला असतो, तो पाहण्याची आपली सवयच राहिली नाही. आपण यंत्र तपासतो. यंत्र कोणाच्या दारात उभे आहे ते पाहत नाही.

माझा विषय भाषाविज्ञान. म्हणून हा मुद्दा मी व्याकरणाच्या वाटेने मांडते. ती वाट तुम्हांलाही परिचित आहे. क्रियापदाचे चार अर्थ तुम्ही शालेय वयात पाठ केले : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून ही मांडणी आपल्या अंगवळणी पडली आहे. आता दोन वाक्ये पाहा. ‘पाऊस पडला तर रोवणी करू.’ ‘पाऊस पडला असता तर रोवणी झाली असती.’ पहिल्या वाक्यात दार उघडे आहे; पाऊस अजून पडू शकतो. दुसऱ्या वाक्यात दार बंद झाले आहे. पाऊस पडला नाही, रोवणी झाली नाही, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. तरीही ते वाक्य उच्चारले जाते आणि ऐकणारा ‘खोटे बोलू नकोस’ असे म्हणत नाही. भाषेने माणसाला दिलेली ही मोठी सवलत आहे. जे घडले नाही त्याविषयी अर्थपूर्ण बोलता येते, त्याच्यावर वाद घालता येतो, त्यावरून दोष कोणाचा हेही ठरवता येते. कालव्याचे पाणी वेळेवर सुटले असते तर पऱ्हे वाळले नसते, असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो कल्पनाविलास करत नसतो. तो जाब विचारत असतो.

वास्तववादी कादंबरी मुख्यतः स्वार्थात चालते. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा संकेतार्थात जगतात. भविष्याची कथा पहिल्या प्रकारच्या, उघड्या संकेतावर उभी असते आणि पर्यायी इतिहासाची कथा दुसऱ्या, बंद संकेतावर. म्हणूनच त्यांच्यात तत्त्वज्ञान व राजकारण बाहेरून आणून घालावे लागत नाही. ‘असते तर’ म्हणताक्षणी दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. एक : मग खरे कशाला म्हणायचे? दुसरा : हे ‘तर’ कोणाच्या वतीने म्हटले जात आहे? पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा, दुसरा राजकारणाचा. माझे मत असे आहे की, आपल्या परंपरेने पहिला प्रश्न अतिशय ताकदीने विचारला आणि दुसरा बहुधा विचारायचा राहिला.

हे आजचे नाही. योगवासिष्ठातील राजा लवणाची कथा पाहा. भर दरबारात एक गारुडी येतो, मोरपिसांचा कुंचला फिरवतो आणि राजा सिंहासनावर निश्चल होतो. थोड्या वेळाने भानावर आल्यावर तो सांगतो की, घोड्याने आपल्याला दूर अरण्यात नेले, भुकेने व्याकूळ झालो असता एका चांडाळकन्येने विवाहाच्या अटीवर अन्न दिले, आपण तिच्याबरोबर संसार केला, मुले झाली, दुष्काळ पडला, आणि भुकेल्या मुलासाठी आपण अग्नीत उडी घेणार इतक्यात डोळे उघडले. दरबारात गेली ती काही क्षणांची वेळ. राजाने भोगली ती पुष्कळ वर्षे. विशेष म्हणजे पुढे राजा विंध्याच्या परिसरात जाऊन शोध घेतो तेव्हा ते गाव, तो दुष्काळ आणि आक्रोश करणारी म्हातारी सासू त्याला खरोखरच सापडते. आज एखाद्या लेखकाने ही कथा ‘आभासी वास्तव’ या नावाखाली प्रसिद्ध केली तर तिच्या नवेपणाचे कौतुक होईल.

ग्रंथाला या कथेतून काळ, मन आणि जगाचे सत्यत्व यांविषयी बोलायचे आहे, आणि ते तो फार सूक्ष्मपणे बोलतो. पण वाचताना मला सतत वाटते की दुसरा प्रश्न दाराशी येऊन परत गेला. राजाने गावाबाहेरच्या माणसाचे आयुष्य आतून भोगले. भूक, हीनत्व, लेकराचा आकांत, सारे. परतल्यावर त्याने काय केले? म्हातारीचे सांत्वन केले, साहाय्य केले आणि तो राजधानीत परत आला. राज्य होते तसेच राहिले. जग मनाचा खेळ आहे हे एकदा सिद्ध झाले की, त्या खेळात कोणी कोठे बसावे हा प्रश्न क्षुल्लक होऊन जातो. तत्त्वज्ञानाचे उत्तर कधी कधी राजकीय प्रश्नावरचे झाकण होते, ते असे.

आता ‘गंगाधरपंतांचे पानिपत’कडे वळू. ही कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल; तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकामुळे देशभर पोचले आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला जातात आणि एका वेगळ्याच मुंबईत पोचतात. तेथे इंग्रज अजून आहेत, पण केवळ मुंबईपुरते, भाडेपट्ट्याने. एशियाटिकच्या ग्रंथालयात स्वतःचीच इतिहासग्रंथमाला वाचताना त्यांना कळते की, या जगात १७६१ साली मराठे पानिपतावर जिंकले. विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली. त्या विजयातून पुढचा सारा इतिहास बदलला : कंपनीचा विस्तार रोखला गेला, देश पारतंत्र्यात गेला नाही, विज्ञानाला आश्रय मिळाला आणि यथाकाल लोकशाहीही आली. गंगाधरपंत आपल्या जगात परत येतात तेव्हा बखरीचे फाटलेले पान त्यांच्या खिशात असते. लवणाला विंध्यातले गाव सापडते आणि पंतांना पान सापडते; पुराव्याची ही योजना किती जुनी आहे पाहा. शेवटी त्यांचा शास्त्रज्ञ मित्र पुंजसिद्धांताच्या आधारे स्पष्टीकरण देतो : गोळी लागणे आणि न लागणे या दोन्ही शक्यता वास्तवच आहेत, आपण त्यांतल्या एकीत राहतो.

कथा म्हणून ती देखणी आहे आणि तिचा तात्त्विक भाग पक्का आहे. पण दुसरा प्रश्न विचारून पाहू. मराठे जिंकले असते तर, हे ‘तर’ कोणाचे? पुण्यातील वाचकाला ते साहजिकच आपले वाटते. बंगालमधील वाचकाला कसे वाटेल? अठराव्या शतकात बंगालवर स्वाऱ्या करणारे घोडदळ नागपूरकर भोसल्यांचे होते. तिकडे मुलांना झोपवताना ‘बर्गी’ची भीती घातली जाई, आणि ते बर्गी आपल्याच मुलखातून गेलेले होते. देवगडच्या गोंड राजांची सत्ता त्याच भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास घेतली. आज ज्या गावांत तुम्ही राहता त्यांतील कित्येक त्या सत्तेच्या छायेतली. गोंडी वाचकाचा बंद संकेत पानिपतापाशी उघडणार नाही. तो देवगडपाशी उघडेल. आणि पेशवाईत ज्यांना सार्वजनिक रस्त्यावर सावलीचीही भीती बाळगून चालावे लागले, त्यांच्या वारसांना त्या राज्याचे आपोआप लोकशाहीत रूपांतर झाले, हे वाक्य वाचताना थांबावेसे वाटेल. ते रूपांतर कोणी घडवून आणले? कोणाच्या चळवळीने? त्या जगात फुले झाले का?

येथे मला दोन प्रकारच्या संकेतांत भेद करावासा वाटतो. एक गोळीचा संकेत, दुसरा समाजाचा. गोळीच्या संकेतात एक योगायोग बदलतो आणि त्यामागून सर्व काही बदलते. त्यात कोणाला काही करावे लागत नाही. समाजाच्या संकेतात परिणाम बदलण्यासाठी आधी माणसांचे परस्परसंबंध बदलावे लागतात. पहिला लिहायला सोपा आणि वाचायला सुखद असतो. दुसरा अवघड.

हा भेद समजून घ्यायला आपल्या जिल्ह्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्यीय होता : एक सर्वसाधारण जागा, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष येथे काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाला. १९५२ मध्ये मुंबईत झालेल्या पराभवानंतरचा हा लोकसभेतील दुसरा पराभव. अडीच वर्षांत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

‘बाबासाहेब भंडाऱ्यातून निवडून आले असते तर?’ हा विषय मी वर्गात दिला की, उत्साहाने लिहिले जाते. बहुतेक उत्तरांत ते लोकसभेत जातात, भाषण करतात, हिंदू कोड बिलासारखा एखादा कायदा होतो, देश बदलतो. हा गोळीचा संकेत झाला. काही हजार मते इकडची तिकडे, बाकी सर्व जसेच्या तसे. मी विद्यार्थ्यांना विचारते : ती मते कोणाची? कोणत्या गावातील, कोणत्या मोहल्ल्यातील माणसाने त्या दिवशी वेगळा विचार केला असता? त्याला तो करता यावा म्हणून त्याच्या शेतमालकाशी, सावकाराशी, जातभाईंशी असलेल्या नात्यात आधी काय बदलले असते? ही कथा लिहायची तर दिल्ली बाजूला ठेवून साकोली, तुमसर, मोहाडीकडची गावे लिहावी लागतील. मामा तलावाच्या पाण्याचे वाटप लिहावे लागेल. विहिरीवर कोण कोणाआधी पाणी भरते ते लिहावे लागेल. ती कथा अजून माझ्या वाचनात आलेली नाही. लिहिली गेली तर तिच्यात एकही यंत्र नसेल, आणि तरीही मी तिला पर्यायी इतिहासाच्या वर्गातच ठेवीन.

अशीच आणखी एक शक्यता सांगून पुढे जाते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. तसे झाले असते, किंवा सीमारेषा थोडी इकडे सरकली असती आणि भंडारा शेजारच्या बालाघाटबरोबर मध्य प्रदेशात राहिला असता, तर तुम्ही ही पुस्तिका वाचत असता का? कोणत्या भाषेत? ज्याला आपण ‘मातृभाषेचे स्वाभाविक प्रेम’ म्हणतो त्याचा किती भाग एका आयोगाच्या नकाशावर अवलंबून होता? भाषेच्या अभ्यासकाला हा प्रश्न अस्वस्थ करतो. मला करतो.

नारळीकरांविषयी एकांगी बोलले असे वाटू नये. पानिपताच्या कथेतच एक प्रसंग आहे. त्या पर्यायी मुंबईतील सभेत व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. हजारभर सभांचे अध्यक्षपद भूषवण्याच्या बेतात असलेल्या गंगाधरपंतांना राहवत नाही. ते जाऊन बसतात आणि भाषण सुरू करतात. श्रोते संतापतात, वस्तू फेकतात. त्या जगात ती खुर्ची केवळ प्रतीक म्हणून उरलेली असते. तीवर बसून कोणी उपदेश करायचा नसतो. सगळ्या कथेतला सर्वांत धीट राजकीय विचार मला येथे, या विनोदात दिसतो. सार्वभौमत्व कोणाकडे गेले हे युद्धाच्या निकालापेक्षा या रिकाम्या खुर्चीवरून अधिक कळते.

‘वामन परत न आला’ ही त्यांची कादंबरी आणखी पुढे जाते. कदाचित लेखकाच्या अपेक्षेपेक्षाही. लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातील ज्ञानावरून एक यंत्रमानव तयार होतो, त्याचे नाव वामन. त्याची बुद्धी माणसाला मागे टाकणारी आहे आणि त्याला स्वतःसारखे आणखी निर्माण करायचे आहे. यंत्रबुद्धीची आजची चर्चा ज्यांना नवी वाटते त्यांनी १९८० च्या दशकातील ही कादंबरी अवश्य वाचावी. पण मला वेधून घेते ते नाव. वामन हा पुराणात देवाचा अवतार. येथे मात्र तोच धोका आहे. लहान रूपात येऊन, थोडे मागून, सर्व व्यापू पाहणारा. मग आपण, माणसे, कोणाच्या जागी उभे आहोत? बळीच्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त दशावतारांची उलटतपासणी घेतली आणि वामनाकडे बळीच्या बाजूने पाहायला शिकवले. शंभराहून अधिक वर्षांनी एका शास्त्रज्ञाच्या कादंबरीत, अगदी वेगळ्या कारणाने, वाचक पुन्हा बळीच्या बाजूला येऊन उभा राहतो. दिवाळीत आपल्याकडे अजून म्हणतात : इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. क्रियापदाकडे लक्ष द्या. ‘येवो.’ संकेतार्थ नाही, आज्ञार्थ आहे. ज्यांनी हे वाक्य टिकवले त्यांनी ‘आले असते तर’ असे म्हणून समाधान मानले नाही.

दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारणारी कथा असते का? असते, आणि ती आपल्या देशात १९०५ मध्येच लिहिली गेली. बेगम रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात आली. तिच्यातील देशात पुरुष पडद्यात आहेत, कारभार बायका पाहतात; सूर्याची उष्णता साठवून त्या शत्रूचा पराभव करतात, ढगांतून पाणी काढतात, हवेतून चालणारी वाहने वापरतात. विज्ञान आहेच, पण ते विद्यापीठांत शिकलेल्या बायकांचे आहे, आणि ‘तर’ कोणाचे याविषयी क्षणभरही संदिग्धता नाही. पडदा स्वाभाविक आहे असे मानणाऱ्या वाचकाला त्या फक्त जागा बदलून दाखवतात. स्वाभाविकपणा तेथेच गळून पडतो. फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच कुटुंबातील माणसे वेगवेगळे धर्म पाळून प्रेमाने राहतात असे चित्र आहे. त्याला कोणी विज्ञानकथा म्हणणार नाही, पण संकेताचा विस्तार त्याच जातीचा आहे.

परदेशी साहित्यातील एकाच कथेचा उल्लेख करते, कारण तिनेच मला माझ्या शेऱ्याकडे परत नेले. उर्सुला ल ग्विन यांची १९७३ मधील ओमेलास नावाच्या नगरीची कथा. नगरी सुखी आहे, उत्सवात दंग आहे. तिचे सारे सुख एका अटीवर टिकलेले आहे : एका तळघरात एक मूल कोंडलेले, उपाशी, घाणीत ठेवायचे. सर्वांना ते ठाऊक आहे. वयात येताना प्रत्येकाला दाखवले जाते. बहुतेक रडतात आणि परत येऊन जगू लागतात. काही जण मात्र न बोलता नगर सोडून निघून जातात. विज्ञानाचा आधार या कथेत शून्य आहे. ते मूल बाहेर काढल्याने सुख का नाहीसे व्हावे, याचे कोणतेही कारण लेखिका देत नाही. आणि तरीही बहुसंख्यांच्या सुखासाठी एकाचे दुःख न्याय्य ठरते का, हा नीतिशास्त्रातील प्रश्न इतक्या उघडपणे मांडणारे लेखन थोडे.

ती कथा वाचून पुस्तक मिटले तेव्हा मला गोसीखुर्द आठवले. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाची पायाभरणी झाली. कालव्यांचे पाणी पोचते त्या शेतांचा फायदा खरा आहे. मी तो नाकारत नाही. माझ्या वर्गात त्या पाण्यावर धान घेणारेही बसतात आणि त्या पाण्याखाली घर गेलेलेही बसतात, कधी एकाच बाकावर. फरक एवढाच की ल ग्विनच्या कथेत अस्वस्थ झालेले सुखी लोक नगर सोडून जातात. आपल्याकडे नगर सोडावे लागते ते त्या मुलालाच.

मी ती उत्तरपत्रिका पुन्हा काढली. माझ्या शेऱ्याखेरीज तीत आणखी एक गोष्ट होती, जी पहिल्या वाचनात मला दिसली नव्हती. आणि माझ्यासारखीला ती न दिसणे अधिक लाजिरवाणे होते. पाण्याखालची माणसे झाडीबोलीत बोलत होती. ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. नावेतले पर्यटक प्रमाण मराठीत बोलत होते. हाका वर पोचत नव्हत्या यामागचे अर्धे कारण तिने उच्चारांतच लिहून ठेवले होते. माझ्या वाचनातील मराठी विज्ञानकथांत यंत्रमानव, परग्रहवासी, भविष्यातील नागरिक सारे प्रमाण मराठी बोलतात, जणू शेकडो वर्षांनंतरच्या आणि कित्येक प्रकाशवर्षांपलीकडच्या जगातही बोली उरणार नाहीत हे आताच ठरून गेले आहे. लेखकांनी ते मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. मुद्दाम न करताच ते झाले, हीच अडचण आहे.

तुमच्यापुढे या घटकाचा स्वाध्याय आहे. त्यात यंत्र असलेच पाहिजे असे मी यापुढे म्हणणार नाही. परंतु तुमची कथा ज्या ‘तर’वर उभी आहे तो कोणाचा, हे मात्र मी विचारीन. कथेत काय बदलले आणि ते बदलण्यासाठी आधी कोणाला बदलावे लागले, हेही विचारीन. श्वासोच्छ्वासाचे पाहू.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या संपर्कसत्रात भेटले आणि माझा शेरा चुकला होता असे सांगितले. ती संकोचली. म्हणाली, ‘नाही मॅडम, तुमचं बरोबर होतं. मी नंतर आधार टाकला.’ वहीत तिने कथेच्या शेवटी एक परिच्छेद जोडला होता. मे महिन्यात पाणी किती खाली गेले की गावातील देवळाचा कळस दिसू लागतो, आणखी किती गेले की शाळेची भिंत दिसते, आणि कोणत्या वर्षी त्यांपैकी काय दिसले, याची ती नोंद होती. तिच्या वडिलांनी काठावर उभे राहून केलेली. ‘एवढा आधार पुरेल ना?’ असे तिने विचारले. गुण तोपर्यंत पुढे पाठवून झाले होते आणि बदलता येत नव्हते.